अर्ध्या छपराखालून रामराम

मु. प्रकाशा, वैशाख वद्य पंचमी, शके १८५७

राजमान्य राजेश्री दोधूभाऊ यांस तळोद्यास चुडामणचा रामराम. आपला गुडघा आता कसा आहे? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, एक छप्पर सोडून.

आपली भगिनी गजरा आखाजीच्या सणाला माहेरी निघाली तेव्हा गळक्या गवताकडे बोट दाखवून अंगणातून ओरडली, "घरवर कवलं चढतीन तवयच येसू!" (सगळ्या आळीने ऐकले, तेवढा आवाज आपल्या घराण्यात आहेच.) म्हटले, येईल तेव्हा चकित करू. लगेच जुने गवत उपसून टाकले आणि कौले किती लागतील ते काढायला बसलो. टेप नव्हती, म्हणून तिच्या जुन्या लुगड्याने घर आतून मोजले, अंगणात तेवढाच चौकोन चुन्याने आखला आणि कुंभाराकडची कौले त्यात कडेला कडा लावून मांडली. चौकोन काठोकाठ भरला, वर एक कौल शिल्लक! गाव बघायला आले. मी मिशीला पीळ दिला, आणि कुंभार उरलेला माल घेऊन खापर गावच्या बाजाराला गेला.

कौले वर चढवू लागलो तेव्हा कळले की छपराला उतार असतो, आणि एका कौलाला दुसऱ्याच्या अंगावर थोडे चढून बसावे लागते. देवघराची बाजू झाली आणि माल संपला. चूल, कणग्या, आईची खाट, सगळे उघड्यावर. मग विरळ बसवून पाहिली, तर घराची चाळणी झाली, पुन्हा उतरवली. आई खाटेवर छत्री उघडून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते, "याना हिशोब बरोबर शे, मन्ही खाटवर ऊन यी ऱ्हायनं!" तिकडे सातपुड्यावर रोज दुपारी ढग जमतात. मी शिडी चढतो, ढग बघतो, उतरतो, विडी पेटवतो, ती तशीच ठेवून पुन्हा चढतो. भाकरी मीच भाजतो (अर्धी कच्ची). घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही. खरे सांगतो भाऊ, करमत नाही.

असो. काळजी नसावी. काम जवळजवळ झालेच आहे, असे गजराला सांगावे.

आपला,
चुडामण

ता. क. आपल्या गोठ्यामागे जुनी कौले पडून आहेत. गजरा येईल त्याच गाडीत भरून द्यावीत.

पुन्हा ता. क. गाडीत दोन्ही मावत नसतील तर कौले राहू द्यावीत, तिला पाठवावे. मात्र गाडीत किती मावते ते तिलाच ठरवू द्या. माझा अंदाज धरू नका.