कायमीरा उठली का?

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
मंगळवार, ९ एप्रिल २००२

ती. मालिनीमावशीस,
यशोधनचा सा. न. वि. वि.

तुझा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? फोनवर तू डावा म्हणालीस, आई उजवा म्हणते. दोन्ही धरून विचारतो.) नागपुरात ऊन तापायला लागलं असेल, कूलरमध्ये नवीन वाळा भरून झाला असेल. इकडे एप्रिल उजाडला तरी आभाळ काळंच आहे, झाडं खराट्यासारखी उभी आहेत आणि कोणीही कोणाला काही विचारत नाही. आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचताना ते वाक्य मनावर घेऊ नकोस.

फोनकार्डाच्या जमान्यात हा पोरगा पत्र का खरडतोय, असं तुला वाटेल. फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात आसावरी आहे. ईमेल करावा तर तो तुला कोपऱ्यावरचा सायबर कॅफेवाला छापून आणून देतो, म्हणजे तुझ्याआधी सगळी धंतोली वाचणार. आणि हे प्रकरण धंतोलीनं वाचण्यासारखं नाही. आसावरी तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे "पोळी हवी का" इतपत बोलते, पण भिंतीकडे बघून. आमचं लग्न तू जमवलंस, तेव्हा तक्रार तुझ्याकडेच येणार, आज ना उद्या तिचा फोन येईलच. तो यायच्या आधी माझी बाजू तुझ्या कानावर घालावी, एवढाच या पत्राचा हेतू. मागायचं काही नाही. नुसतं ऐकून घे.

सुरुवात राक्षसांपासून करावी लागेल, इलाज नाही. मी ज्या दातांच्या विम्याच्या कंपनीत आहे तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरांना नावं आहेत. आपल्याकडे यंत्र आलं की त्याला देवाचं नाव देतात, दसऱ्याला हार घालतात, निदान लिंबू-मिरची तरी बांधतात. आमच्याकडे डग नावाचा एक पोनीटेलवाला म्हातारा होता, त्याला प्राचीन ग्रीक गोष्टींचं वेड. त्यानं प्रत्येक मशीनला तिकडच्या राक्षसाचं नाव दिलं आणि स्वतः रिटायर होऊन फ्लोरिडाला मासे पकडायला गेला. मी आलो तेव्हा त्याच्या हाताची यादी भिंतीवर होती. सर्बेरस म्हणजे यमाच्या दारातला तीन डोक्यांचा कुत्रा, तो आमचे पासवर्ड तपासायचा. मेडुसा म्हणजे केसांच्या जागी साप असलेली बाई, तिच्याकडे पाहिलं की माणसाचा दगड होतो. आमची मेडुसा प्रिंटिंग सांभाळायची, आणि खरं सांगतो, प्रिंटरसमोर उभ्या असलेल्या माणसांचा दगडच व्हायचा. (गेल्या दसऱ्याला मी गुपचूप तिला हळदकुंकू वाहिलं. साहेबाला तो गंज वाटला. त्यानं मेकॅनिक बोलावला.) हायड्रा नावाच्या नागिणीचं एक डोकं छाटलं की तिथे दोन उगवतात म्हणे. ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही, हे मला पुढे कळलं.

कारण डिसेंबरात ओहायोमधल्या एका बड्या कंपनीनं आमची कंपनी गिळली. त्यांच्या मशीनना नुसते नंबर असतात, नावं नसतात, यावरून काय ती माणसं ओळख. सगळं काम तिकडे न्यायचं आणि इकडचे राक्षस एकेक करून बंद करायचे, असं ठरलं. हे पुण्यकर्म माझ्या आणि संजयच्या गळ्यात पडलं. (संजय नाशिकचा, आम्ही एकाच गाडीतून जायचो. गाडीत तो सतत गूळशेंगदाणे खातो, सीटखाली अजून टरफलं सापडतात.) पगार राक्षस सांभाळायचा, काम राक्षस मारायचं, आणि शेवटचा मेला की मारणाऱ्याची गरज संपली. ग्रीक गोष्टीत म्हणे राक्षस मारणाऱ्याला राज्य आणि राजकन्या मिळते. आमच्या साहेबानं पहिल्याच दिवशी दोघांच्या टेबलाशी एकेक पुठ्ठ्याचा खोका आणून ठेवला, आपापलं सामान भरायला. आगाऊच!

तरी आम्ही मन लावून मारले गं. सर्बेरस जानेवारीत गेला, मेडुसा त्याच्या मागोमाग. हायड्रा बंद केली तर अर्ध्या तासात दोन खात्यांचे फोन आले, आमचं काम तिच्यावर चालायचं म्हणून, त्यांची सोय लावली तर आणखी चार जण उगवले. मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. पण ओहायोवाले खमके निघाले, सहाव्या आठवड्यात तिलाही निजवली. शेवटी उरली एकच मशीन. तिचं नाव कायमीरा.

ही कायमीरा म्हणजे पुढून सिंह, मध्ये बकरी आणि मागे शेपटीच्या जागी साप. डगनं तीन मोडक्या कॉम्प्युटरांचे अवयव जोडून ती बनवली होती, म्हणून हे नाव. दिसायला भयंकर, पंख्याचा आवाज आपल्या जुन्या गिरणीसारखा, पण लहान मुलांच्या दातांच्या तारांचे सगळे हिशेब तिच्या पोटात. दर दोन दिवसांनी बसते. मग तिला उठवायची. तूर्तास माझी नोकरी तिच्या बसण्या-उठण्यावर आहे. म्हणून सकाळी चहा पिता पिता घरूनच संजयला फोन लावतो आणि विचारतो, कायमीरा, उठली का? कायमीरा, काल का बसली होती? झेपत नसेल तर जोर करू नका, मी येतोच.

आता हे पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कानानं ऐक.

एके दिवशी आसावरीनं माझ्यापुढे चहा आपटला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मग, उठली का मीरा?"

मावशी, मला खरं सांगायला दोन सेकंद होते. ती मशीन आहे, इतकंच म्हणायचं होतं. पण मशीन म्हटलं की ती विचारणार, रोज एकाच मशीनचं काय, बाकीची कुठे गेली? (ऑफिसातलं मी घरी बोलत नाही, ही नावं तिनं कधी ऐकलेली नाहीत.) मग सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, उठली."

तिथून मीरा वाढतच गेली. कुठली? मी म्हटलं, इचलकरंजीची. मी इचलकरंजी नकाशातसुद्धा पाहिलेली नाही. लग्न झालंय? माहीत नाही. दिसायला कशी? आता काय सांगायचं! केस बँकेतल्या कॅशियर बाईचे दिले, चष्मा आपल्या सुमित्राकाकूंचा दिला, बोलणं संजयच्या बहिणीचं दिलं. चांगली बाई तयार झाली. मलाही कधीकधी वाटतं, बिचारीला एकदा घरी जेवायला बोलवावं.

आणि दैवाचा खेळ बघ, आसावरी कॉलेजात याच ग्रीक गोष्टी शिकतेय! तुला आठवत असेल, अकोल्याची ज्युनियर कॉलेजातली नोकरी सोडून ती माझ्यामागे इकडे आली. बायकोच्या व्हिसावर इथे कामाची परवानगी नाही. दीड वर्ष तिनं खिडकीतून पार्किंग लॉट पाहिला. मग सप्टेंबरात लहान मुलांना शिकवायच्या सर्टिफिकेटला नाव घातलं, बसनं जाते, बसनं येते, परवाच्या पावसात तर बसस्टॉपपासून चिंब भिजत आली. त्यात एक जादा विषय घ्यावा लागतो, तो तिनं ग्रीक पुराणकथा घेतला. महिन्यापूर्वी, बोलत होती तेव्हा, जेवताना मला पुस्तकातला राक्षस दाखवत होती. पुढून सिंह, मध्ये बकरी, मागे साप. "किती छान नाव आहे ना," म्हणाली, "चिमेरा!" मी वरणात मान घातली. स्पेलिंग तसंच आहे गं, आपल्याकडे कोणीही चिमेराच वाचेल.

तर शेवटचा पेपर तेरा मेला आहे. तो झाला की सर्टिफिकेट हातात, मग ती न्यू जर्सीत असो की नागपुरात, ते तिचं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, तिचा माझ्याला. आज मी म्हटलं की नोकरी जातेय, तर आज संध्याकाळी ती पुस्तकं बाजूला ठेवून बॅगा काढेल. मला पक्कं माहीत आहे. एकदा माझ्यासाठी तिचं सगळं सोडून झालंय, पुन्हा सोडेल, आणि तक्रारसुद्धा करणार नाही. त्यापेक्षा मीरा बरी. मीरावर चिडून ती निदान अभ्यास तरी करते, दार लावून, तीन-तीन तास.

असो. लोणचं पाठवू नकोस, कस्टमवाले फेकून देतात. थोरांना नमस्कार.

तुझा,
यशोधन

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. आसावरीचा फोन आला की मीरा नावाची कोणी नाही असं कृपा करून सांगू नकोस. तू मला लहानपणापासून ओळखतेस, तू म्हणालीस तर ती लगेच विश्वास ठेवेल, आणि मग दुसरं कारण शोधायला लागेल. मला शिव्या घाल. नालायक म्हण. हा पहिल्यापासूनच असला होता, मीच फसले, असंही म्हण. फक्त तेरा मेपर्यंत.

ता. क. २. आणखी एक. कायमीरा अजून चालू आहे असं लिहिलं, तीही थाप. ती पंधरा मार्चला, शुक्रवारी दुपारी सव्वातीनला बंद झाली. बटण मीच दाबलं. पंखा थांबायला बराच वेळ लागला. कागदावर मी चौदा मेपर्यंत नोकर आहे, पगार येतो, फक्त उद्यापासून येऊ नका म्हणाले. म्हणून डबा घेऊन रोज गावच्या लायब्ररीत बसतो, अर्ज लिहितो, हे पत्रही तिथूनच. (पार्सिपनीत एक इंटरव्ह्यू झाला. कळवतो म्हणाले. कळवत नाहीत.) संजय फेब्रुवारीतच बायकोमुलांसह नाशिकला गेला. सकाळी मी ज्या फोनवर बोलतो त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसतं. आसावरीला वाटावं की मी कामावर जातोय, म्हणून बोलतो. तुला हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण कोणाला तरी सांगायला हवं होतं. फार एकटं वाटतं गं तिथे.

*

आदरणीय मावशी, स. न.

हे अक्षर माझं, आसावरीचं. कोट धुलाईला द्यायला घेतला तर खिशात हे पाकीट मिळालं, उघडंच होतं. वाचायला नको होतं, पण वाचलं. मी पोस्टात टाकते आहे, म्हणजे यशोधनला वाटेल त्याचं पाकीट कुठेतरी पडलं. विचारलं तर मी काही पाहिलं नाही म्हणेन.

मीरा नाही हे मला दोन आठवड्यांपूर्वीच कळलं. आमच्या प्रोफेसरबाईंनी वर्गात चिमेराला 'कायमीरा' म्हटलं, लोक कॉम्प्युटरांनाही असली नावं देतात म्हणाल्या, आणि मी इतकी मोठ्यानं हसले की सगळे वळून पाहायला लागले. घरी येऊन ऑफिसला फोन लावला, आता तुझी मीरा मला भेटवच म्हणायला. तर हा नंबर बंद झाला आहे असं रेकॉर्डिंग लागलं. तीनदा लावला. मग नोकरी गेली ते कळलं, पण सकाळी फोनवर कोणाशी बोलतो ते कळत नव्हतं. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला की काय. घाबरून गप्प बसले होते. खरंच सांगते, मीरा असती तर भांडले तरी असते.

आता कशासाठी चाललंय ते वाचलं. मावशी, त्याला काही कळू देऊ नका. माझा पेपर तेरा मेला आहे आणि तो मी देणार आहे, पहिल्या वर्गात पास होणार आहे. तो झाला की बॅगा काढायच्या का ठेवायच्या ते दोघं मिळून बघू. तोवर त्याला लायब्ररीत जाऊ दे, मी रुसलेलीच राहते. माझ्यासाठी एवढं एकच करता येतंय असं त्याला वाटतंय, ते मी काढून घ्यायचं नाही असं ठरवलंय.

तुम्हाला पुढच्या रविवारी फोन करीन, तो शेजारीच उभा असेल. मीरावरून रडेन, तुम्ही त्याला भरपूर शिव्या घाला.

फक्त एक विचारायचं होतं. इतके दिवस रुसायचं असतं तेव्हा माणसाला जेवायला काय वाढतात? काल चुकून मी त्याच्या आवडीची भरली वांगी केली. तो ताटाकडे बघत राहिला, मग डोळे पुसायला उठून बेसिनपाशी गेला, आणि मला भिंतीकडेच बघत बसावं लागलं.

आपली,
आसावरी