अरायव्हल आणि भाकरतुकडा

प्रिय स्वरदा,

पाकीट पाहून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपण दोघं डब्लिनची थंडी आणि मालाडचा उकाडा यापलीकडे जात नाही, म्हणून शेवटी पेन काढलं. निवृत्त मास्तर आहे, पाल्हाळ लावणारच. सांभाळून घे.

आठवड्यातून दोनदा मी आरेतल्या एका पाड्यावर बायकांना इंग्रजी शिकवायला जातो. त्यात शेवंती म्हणून एक आहे, चाळिशीची. तिला विमानतळावर साफसफाईचं काम लागलंय आणि तिथल्या पाट्या वाचता यायला हव्यात. परवा तिने मला पकडलंच. "सर, येणं म्हणजे कम ना? मग गेटवर अरायव्हल कशाला लिवलंय? सरळ कम लिवायचं ना!" छत्तीस वर्षं मी हा शब्द शिकवला. गाडी अराइव्ह होते, दुकानात नवा माल अराइव्ह होतो, एखाद्याचं नाव झालं की तोही अराइव्ह झाला म्हणतात. पण तो आला कुठून, हे कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या वेळी सांगतो म्हणालो आणि घरी येऊन तुझा तो जाडजूड शब्दकोश काढला, तू न्यायची विसरलीस तो.

शब्द लॅटिनमधला निघाला, फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आलेला. मूळ अर्थ काठाला लागणं. म्हणजे आधी फक्त नावेतून येणाराच अराइव्ह व्हायचा, रस्त्याने येणाऱ्यांना हा शब्द पुढे केव्हातरी मिळाला. वाचलं आणि मला माझे वडील आठवले. तुझे आजोबा गिरणीतून रजा काढून शिमग्याला गावी जायचे, तेव्हा मलाही बोटीने न्यायचे. बोट खोल पाण्यातच थांबायची. तिथून पडाव नावाच्या होडीत बसायचं आणि पडावही वाळूपर्यंत पोचायचा नाही. समोर माणसं दिसायची, हाका ऐकू यायच्या, पण गप्प बसून राहायचं. मग काका कमरेभर पाण्यात यायचा आणि मला खांद्यावर घ्यायचा. एकदा मी पडावातूनच "आलो, आलो" म्हणून ओरडलो, तर वडील म्हणाले, "पाय जमनीक लागले काय मगेच इलंव म्हणायचा." मला त्या बसून राहण्याचा फार राग यायचा. घर समोर दिसतंय आणि आपल्याला जाता येत नाही!

आता शेजारच्या विमलावहिनींकडची बातमी. त्यांचा केयूर गेल्या महिन्यात मस्कतहून आला, दोन वर्षांनी. मी जिन्याकडे उभा होतो. दार सताड उघडं, तरी पोरगा बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर थांबला. कुणी थांब म्हटलं नव्हतं. वहिनी आतून तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या, ओवाळलं, तुकडा बाहेर टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं आणि दंडाला धरून आत घेतलं. मी खाली निघालो होतो, तो तसाच घरात परतलो.

कारण तूही अशीच थांबली होतीस. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी. बॅग हातात, दार उघडं, आत माणसं बसलेली. लांबून आलीस की दर वेळी आई भाकरतुकडा घेऊन बाहेर यायची, त्या सवयीने तुझे पाय थांबले होते. आणि मला वाटलं, उशिरा आल्याची लाज वाटतेय हिला. मी म्हणालो, "आता आलीस काय नि नाही आलीस काय." आणि आत निघून गेलो. चार वर्षांत हे वाक्य मी एकदाही मागे घेतलं नाही.

सुतकात ओवाळत नाहीत, मला ठाऊक आहे. पण हाताला धरून आत घेता आलं असतं. आणि उशीर तुझा नव्हताच गं. आजाराचं तुला कळवू नका, असं आई म्हणत होती आणि मी ऐकलं. तुला फोन केला तो थेट शेवटच्या आठवड्यात. चूक माझी होती. त्या चुकीचा राग मला माझ्यावर काढता येईना, म्हणून तुझ्यावर काढला. मला माफ कर.

शर्मिष्ठामावशीकडून कळलं की तू अठरा तारखेला ऑफिसच्या कामासाठी येते आहेस आणि मागच्या दोन वेळांसारखीच अंधेरीच्या हॉटेलात उतरणार आहेस. या दोन वेळांबद्दलही मला तिच्याकडूनच कळलं. मी विमानतळावर येणार नाही, चारचौघांत तुला अवघडवणार नाही. हॉटेलही रद्द करू नकोस. फक्त एकदा घरी ये. विमलावहिनींकडून तांदळाची भाकरी शिकलो आहे. उकड जमते, थापताना अजून कडा फाटतात, पण तुकडाच तर लागतो. लिफ्टमधून उतरलीस की दार उघडं दिसेल. आत येऊ नकोस. बाहेरच थांब. मी येतो.

तुझाच,
बाबा