काचेच्या टपाची गाडी

लेशबाख, बव्हेरिया
रविवार, १६ मे १९५४

प्रिय आई,

तुझं पत्र आणि चहाची पुडी, दोन्ही पोचली. इथल्या पाण्यात आपल्या चहाला रंग चढत नाही, पण वासानेच बरं वाटतं. बंधाऱ्यावरच्या मेंढ्या व्याल्या का? मी ठीक आहे. कपाळ थोडं खरचटलंय, त्याचं पुढे लिहितो.

कारखान्यात पातेली करतो असं मी तुला लिहीत आलो. पातेली होतात, ते खोटं नाही. पण हिवाळ्यापासून मी पलीकडच्या शेडमध्ये आहे. तिथे गाडी करतात. अजून एकच झालीय, नमुन्याची. तीन चाकं, एकामागे एक दोन सीटा, वर काचेचा टप. वळवायला चाक नाही, विमानासारखा दांडा. गावातल्या बाया विचारतात, थंडीपासून जपायला काचेखाली काकड्या लावल्यात का. करणारे सगळे जुने विमानवाले. युद्ध हरल्यापासून विमानं करायला बंदी, मग हात कुठे चालवणार बिचारे.

हो, विमानवाले. हाब्बोदादा विमानात गेला तेव्हा, विमानांच्या वाटेला कधी जाणार नाही, असं तू माझा हात बायबलवर ठेवून वचन घेतलंस, ते मी विसरलो नाही. गाडी म्हणजे काही विमान नव्हे, असं स्वतःला सांगत राहिलो.

मंगळवारी पहिली फेरी झाली. पुढे झाइटलरकाका, जुने वैमानिक. मागे मी. वळणावर बदकांची रांग आडवी आली. काकांनी दांडा वळवायचा सोडून पोटाशी ओढला, विमान वर उचलतात तसा. गाडी कसली उडते, थेट चरात गेली, कुशीवर. बदकं आपली चालत गेली. काका टपाखाली आडवे पडून म्हणाले, "वीस वर्षांची खोड, पोरा. माफ कर."

बाहेर निघाल्यावर मी विचारलं, मलाच का मागे बसवलंत?

"पत्रा जोडणारा शेवटचा रिबिट कोणी ठोकला? तूच ना? मग पहिल्या फेरीला तूच. विमानातही मेकॅनिक बसायचाच. हुकूम नसायचा. पण जो बसत नाही त्याच्या कामावर भरवसा कोण ठेवील?"

आई, दहा वर्षं तू विचारतेस, हाब्बो नुसता दुरुस्ती करणारा, त्याला वर नेलं कोणी. मला वाटतं, कोणीच नेलं नाही गं. इंजिन त्याने जोडलं होतं, म्हणून तो आपणहून बसला.

हे लिहावं की नाही, यात चार दिवस गेले. तुला यानं बरं वाटेल की आणखी लागेल, मला कळत नाही.

गाडी ठोकूनठाकून सरळ केली. माझ्या कपाळाकडे बघून काकांनी शेवटच्या रिबिटासाठी दुसऱ्याला बोलावलं होतं. मी त्याच्याकडून हातोडी मागून घेतली. उद्या काकांच्या मागे बसून गाड्यांच्या प्रदर्शनाला निघतोय.

पत्र तुझ्या हाती पडेल तोवर आम्ही पोचलेलो असू. रागावलीस तर रागावून लिही, पण लिही.

वचन मोडणारा, पण यापुढे तुझ्यापासून काही न लपवणारा,
तुझा तियार्क