रिकाम्या खोक्यातली घार

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी ठीक आहे, पोटभर जेवतो. काल आमच्या अभयारण्यात वन्यजीव दिन झाला. म्हणजे जनावरांच्या नावाने माणसांनी धिंगाणा घातला. भोंगे लावून तळ्यावरची पाखरं पळवली आणि मग दुर्बिणी लावून बसले, अक्कलशून्य!

पंख मोडलेली घार मी सांभाळलेली, आठवतं ना? ती बरी झाली, म्हणून पाहुण्यांच्या हातून सोडायची होती. सकाळपासून खोक्यात कोंडलेली, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. उन्हात ती चोच वासून धापा टाकायला लागली. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "गप रे, घार काय मरते का?" म्हटलं, नोकरी गेली खड्ड्यात. मांडवामागे नेऊन दिली सोडून.

मग पाहुणे उगवल्यावर रिकामं खोकंच गंभीर तोंडाने मंचावर नेलं. पाहुण्यांनी झाकण उघडलं आणि आत बघतच राहिले. तेवढ्यात साहेबांनी रिकाम्या आभाळाकडे बोट केलं, "ती बघा, काय झेप!" झालं, सगळे शहाणे माना वर करून टाळ्या पिटायला लागले.

नोकरी शाबूत आहे, घोर लावून घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? ताईला खूप शिकलेलं स्थळ आलंय म्हणतेस. होकार द्यायच्या आधी त्याला एक रिकामं खोकं उघडून दाखव.

तुझाच,
भिरभिऱ्या