मुंडाशासाठी थांबणारी मोटार

भोर, ५ जानेवारी १९४३

मोटारीला मागून भट्टी बसवून आणली. हलवायाचा बंब पाठीशी बांधल्यासारखी दिसते. पेट्रोलची कुपनं निम्म्यावर आणली सरकारने, दुसरा इलाजच नव्हता. आता कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवत बसायचं, धूर जाऊन गॅस यायला लागला की थोड्या पेट्रोलवर इंजिन सुरू करून मग गॅसवर घ्यायचं.

उस्मानभाई म्हणाला, "बापू, आजवर म्या ड्रायव्हर हुतो, आता आचारी झालो."

दोघंही हसलो. निम्मी मोटार त्याची, निम्मी माझी. तो चाक धरतो, मी तिकिटं फाडतो. पंखाही आता मीच फिरवणार.

ही दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन बाहेर आली, त्या काळ्या बंबाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याला कुणाची लागणार?" मीठमोहऱ्या घेऊन परत आत.

८ जाने.

गॅसवरची पहिली खेप. सपाटीला बरी चालते. कात्रजच्या घाटात सगळ्यांना खाली उतरवलं. वकीलसाहेबसुद्धा धोतर सावरत पायी चढले. मोटार मागून खोकत खोकत आली. पुण्याच्या पोस्टात टपालाची थैली द्यायला गेलो तर तिथला कारकून थैली सोडून माझ्याच तोंडाकडे बघत राहिला. घरी येऊन आरशात बघितलं. त्याची चूक नव्हती.

११ जाने.

आज सहाला निघायचं तर जागांवर माणसं कमी आणि वस्तूच जास्त. मुंडाशी, वकीलसाहेबांची छत्री, कुणाचा तांब्या, उत्रोलीच्या सोनाआत्याची डोक्यावरची चुंबळ. मंडळी वस्तू ठेवून घरी. कुणी चहाला, कुणी पूजेला. सगळे गोळा होईपर्यंत ऊन आलं.

ही रीत माझीच. दुसरा मोटारवाला स्पर्धेला उभा राहिला होता तेव्हा भर चौकात मीच म्हटलं होतं, ज्याची वस्तू जागेवर त्याला सोडून माझी मोटार हलणार नाही. तो बिचारा घड्याळावर चालायचा. वर्षभरात गाशा गुंडाळला. आम्ही तरलो ते या मुंडाशांच्या जिवावर. लोक सांगतात, बापूंची मोटार म्हणजे घरची मोटार.

पेट्रोल होतं तोवर थांबायला काही पडत नव्हतं. इंजिन बंद करून विडी ओढत बसायचं. आता मोटार उभी राहिली की भट्टी मरगळते. गॅस पातळ. परत पंखा, परत धूर, पुढच्या फाट्याला परत कुणीतरी हात करून उभा. घाटात पोचेपर्यंत मोटारीत जीव राहत नाही.

१९ जाने.

टपाल उशिरा पोचलं. आपल्या पोस्टमास्तरांनी बोलावून घेतलं. माणूस सज्जन. म्हणाले, "बापू, एकदा झालं, सांभाळून घेतलं. पण टपाल तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हाला कुपनं मिळतात, हे विसरू नका."

विसरतोय कशाला. टपाल गेलं की उरलेली कुपनं जाणार. कुपनं गेली की ही भट्टीसुद्धा निकामी, कारण सुरू करायला आणि घाटात दम द्यायला पेट्रोल हवंच. मग मोटार दारात उभी, कोंबड्यांना बसायला.

उ.भाई एवढंच म्हणाला, "थांबनं बंद करा. कोळशाला गिऱ्हाइकाची वळख न्हाई."

त्याला सोपं आहे. लोक मोटारीला हात करतात तो माझ्याकडे बघून.

२७ जाने.

सोनाआत्यासाठी थांबलो. तिचं असं, उत्रोलीहून पहाटे चालत येते, खिडकीच्या जागेवर चुंबळ ठेवते आणि भोरात घरोघर जाऊन अंडी गोळा करते, पुण्याला विकायला. आज गोळा करताना वेळ झाला. उ.भाई चाकावर बोटं वाजवत बसलेला. ती आली, टोपली मांडीवर घेऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बापूंच्या मोटारीवर माजं दुकान हाय बाबा. ही न्हाई तर कोंबड्यास्नी सांगावं लागंल, नका घालू म्हणून."

सगळी मोटार हसली. उ.भाई नाही.

३ फेब्रु.

कोळसा नाही. पासलीहून रामजी घोड्यावर कोळसा लादून आणायचा, चांगला खणखणीत. आज मोकळ्या घोड्याने आला. सांगायला आला हेच खूप.

"मालक, पुन्याचा बेपारी पार जंगलापातूर येऊन उचलतोय. तितं समद्या मोटारी कोळशावर झाल्यात. तुमाला कुटनं देऊ?"

लढाई कुठे आफ्रिकेत, ब्रह्मदेशात. आणि पासलीच्या डोंगरातला कोळसा मला मिळत नाही. टायर मिळत नाही. इंजिनाचं तेल मिळत नाही. मिळतो तो फक्त उपदेश, रोज, फुकट.

९ फेब्रु.

बाजारातला कोळसा घातला. निम्मी भुकटी, निम्मी ओल. घाटाच्या मध्यावर भट्टीची गाळणी तुंबली. उ.भाई मोटारीखाली, मी वर पंखा फिरवतोय, धूर सगळा नाकात. शेवटी थैली खांद्यावर टाकून घाट चढलो, पलीकडे उतरलो, कात्रजला टांगा धरला. उशीर व्हायचा तो झालाच.

रात्री हात दुखतायत. लिहितोय म्हणजे आहेत अजून.

१४ फेब्रु.

आज प्रत्येकाला सांगितलं, उद्यापासून सहा म्हणजे सहा. वकीलसाहेब म्हणाले, "जरूर, जरूर." एक जण म्हणाला, "बापू, तुमी आन आमाला सोडून जानार?" आणि इतका मोकळा हसला की मलाही हसू आलं. काय करणार? मी हसलो. उ.भाईने माझ्याकडे बघून मान फिरवली.

१५ फेब्रु.

सहाला निघालो नाही.

२२ फेब्रु.

वऱ्हाड होतं. नवऱ्या मुलाच्या मामाचं मुंडासं जागेवर, मामा बेपत्ता. सापडला न्हाव्याकडे, अर्धी दाढी करून. थैली पुण्याला पोचली तेव्हा पुढे टपाल नेणारी आगगाडी निघून गेलेली.

पोस्टमास्तर या खेपेला उभेच राहिले. खुर्ची दाखवली नाही. "आता एकदा जरी झालं तर माझ्या हातात काही नाही."

बाहेर पायरीवर बसलो. उ.भाई शेजारी. मग मीच म्हटलं, दवंडी देऊ.

२८ फेब्रु.

दवंडी दिली. उद्यापासून मोटार सहाला सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. दवंडीवाला आमच्या दारासमोर ओरडला तेव्हा ही आतून म्हणाली, "आपल्या घराला कशाला सांगतोय?" नंतर भाकरी वाढताना म्हणाली, "खरंच नाही थांबणार?" म्हटलं, नाही. तिच्या हातून भाजी वाढायची राहिली.

१ मार्च

सहाला निघालो.

जागांवर मुंडाशी, छत्री, एक पितळी तांब्या. माणसं चारदोन, परगावची, ज्यांना आमची रीत माहीत नव्हती. उ.भाईने विचारलं, "बापू, सोडू?" मी मान डोलावली.

वकीलसाहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले, कपाळाला ओलं गंध, हात वर. मोटार पुढे गेली. पुढे पुलाकडून सोनाआत्या डोक्यावर टोपली घेऊन येत होती. तिने हातसुद्धा केला नाही. मोटार थांबणार याची तिला इतकी खात्री. बाजूला होऊन टोपली उतरवायला लागली. उ.भाईने वेग कमी केला नाही. घंटीची दोरी माझ्या हातात होती. ओढली नाही.

मागे बघायचं धैर्य झालं नाही.

थैली वेळेवर. वेळेच्याही आधी. कारकून म्हणाला, "आज सूर्य कुठे उगवला?"

येताना त्या सगळ्या वस्तू परत आणल्या. वाटभर तांब्या वाजत होता.

२ मार्च

स्टँडवर पंधरावीस जण. बोलणी खायची तयारी ठेवूनच गेलो होतो. पण माझ्यावर कुणी आलंच नाही! म्हणे, बापू असं करणार नाहीत. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "उस्मानचंच काम हे. त्याला काय आपल्या मान्सांची पडलीया?" दोनतीन जणांनी मान डोलावली. "आपल्या" या शब्दावर जोर कसा होता ते मला कळलं. सगळ्यांनाच कळलं.

उ.भाई दहा हातांवर मोटारीची काच पुसत होता. याच गावात जन्मला, याच लोकांच्या म्हाताऱ्यांना हात धरून मोटारीत चढवलं.

मी बोललो नाही. काय बोलणार होतो? दवंडी माझ्या नावाने दिली होती, सगळ्यांनी ऐकली होती. गर्दीसमोर वाद घालून कुणाचं भलं झालंय? एकदा म्हणावंसं वाटलं, मग वाटलं, राहू दे, आपोआप थंड होईल.

काच पुसून झाली तरी तो पुसतच होता.

६ मार्च

आता जागांवर वस्तूसुद्धा नाहीत.

लोक बैलगाडीने किकवीला जातात आणि तिथे साताऱ्याकडून येणारी मोटार धरतात. ती कुणासाठी थांबत नाही. भरलेली असली तर उभीही राहत नाही. लोक तासन् तास रस्त्यावर बसतात. तिचं कुणाला वाईट वाटत नाही. राग फक्त आमचा.

थैली रोज वेळेवर जाते. एवढी मोटार, भट्टी, दोन धडधाकट माणसं आणि एक थैली.

परत थांबायला लागू? टपाल जाईल. नको थांबू? माणसं गेलीच आहेत. कुठूनही मोजलं तरी शेवटी मोटार दारातच उभी दिसते. झोप नाही.

१२ मार्च

सोनाआत्याची एक चुंबळ मोटारीत राहिली होती, आधीची कधीतरी. तेवढं निमित्त काढून उत्रोलीला गेलो. ती अंगण सारवत होती. हात न धुताच बसा म्हणाली.

म्हटलं, आत्या, त्या दिवशी...

"नासली न्हाईत अंडी. घरात खाल्ली. नातवंडं म्हनत्यात, आजी, रोज मोटार चुकव."

आता काय करतेस विचारलं.

"किकवीला जाती. ती मोटार काय वळखीची न्हाई. तिच्यावर रुसायचं काम न्हाई, आन तिनं सोडलं तर रडायचं बी काम न्हाई."

चहा केला तिने. गूळ नव्हता, तसाच प्यायलो. निघताना वाटलं होतं ती म्हणेल, येते उद्यापासून. तसं काही म्हणाली नाही.

१८ मार्च

शिमगा तोंडावर. एरवी या दिवसांत टपावरसुद्धा माणसं बसायची.

परत येताना घाट उतरल्यावर उ.भाईने मोटार आंब्याखाली घेतली. मला वाटलं भट्टी बघायची असेल. चाकावर हात ठेवून समोर बघत म्हणाला, "पुन्यात पलटनीत ड्रायव्हर घ्यायला लागल्यात. पगार हाय, शिधा हाय. घरी बी धाडत्यात."

म्हटलं, आणि आपलं काय?

"आपलं." एवढंच. मग चाकावरून हात काढून म्हणाला, "बापू, त्या दिवशी स्टँडवर तुमी एक शब्द जरी..."

कोणता शब्द ते मला माहीत आहे. सोपा होता. "मी." मी सांगितलं सोडायला. एवढंच म्हणायचं होतं. आता म्हटला तर कुणाला ऐकू जाणार, मोटारीत आम्ही दोघंच. तरी म्हणायला हवा होता. तेही जमलं नाही. म्हटलं, कोळसा कमी झालाय, निघू या.

भोरला मोटार लावून घरी जाताना त्याने सांगितलं, "उद्याची खेप करतो. परवाचं बघतो."

१९ मार्च

खेप झाली. दिवसभर एकमेकांशी मोटारीपुरतं बोललो. संध्याकाळी चावी माझ्या हातात दिली. एरवी तो घरी नेतो.

रात्री त्याच्या घरापर्यंत गेलो. आत दिवा होता, पोरांचा आवाज होता. कडी वाजवली नाही. परत आलो. हिने विचारलं, "बोललात?" म्हटलं, झोपलेत ते.

२० मार्च

मोटारीच्या पायरीवर बसून लिहितोय. पहाटे येऊन भट्टी पेटवली. रामजीने काल संध्याकाळी दोन पोती कोळसा टाकला, म्हणाला, "जुनं गिऱ्हाईक हाय म्हनून." अस्सल कोळसा. पंखा जरासा फिरवला की गॅस. काडी लावून बघितली, निळी ज्योत. एवढा चांगला गॅस भट्टी बसवल्यापासून आला नव्हता.

मला मोटार चालवता येत नाही. इतक्या वर्षांत शिकलो नाही. गरज काय पडली होती?

उ.भाईच्या गल्लीकडे कुणी नाही. एकदा पावलं वाजली, दूधवाला निघाला.

थैली द्यायला आलेला पोस्टाचा शिपाई ती मांडीवर घेऊन पुढच्या जागेवर बसलाय. सहा होऊन गेले. आत्ताच खिडकीतून मान बाहेर काढून त्याने विचारलं, "मालक, कुनासाटी थांबलोय?"

भट्टी उतरायला लागली आहे. उठून पंखा फिरवतो.