पानावरचा बटाटा

२३ जुलै २००१, सोम.
श्रावण लागला. दुखणं हटावं म्हणून महिनाभर उपासाचं खाऊनच राहीन, असा नवस ही बोलली आहे. मी नको म्हणणार होतो, पण डॉ. म्हणाले, राहू द्या. भात, पेज काही पोटात टिकत नाही. साबुदाण्याची खीर आणि बटाट्याचा कीस तेवढा टिकतो. देवाचं आणि डॉ.चं एकमत!

२९ जुलै
वाचनालयातून जाडं पुस्तक आणलंय, अन्नधान्यं कुठून कुठे गेली त्याचं. शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून छापील दिसलं की वाचायचं ही खोड. बटाटा, रताळं, मिरची, शेंगदाणा, सगळं अमेरिकेतून फिरंग्यांच्या गलबतांतून आलेलं. साबुदाण्याचा कंदसुद्धा तिकडचाच. त्याआधी इथले लोक उपासाला काय खात असतील?

३० जुलै, सोम.
हिला हसवायला म्हणून बोलून गेलो, "तुझं फराळाचं ताट म्हणजे अख्खं फिरंगी गलबत गो!"
हसली नाही. चमचा खाली ठेवला. "म्हणून सासूबाई श्राद्धाला बटाटा-मिरची शिवू देत नसत. मिरे घालायच्या. मला वाटायचं, हट्ट." मग हळूच, "बाटलेलंच खात होते की हो मी. बोललेलं पुरं कसं व्हायचं?"
खीर तशीच राहिली. जिभेला हाड नसतं, आणि माझ्या तर...

२ ऑगस्ट
नुसतं दूध. वरीचे तांदूळ दोन घास दिले, उलटून पडले. लेक आली सावर्ड्याहून, कुंदा. "बाबा, पुस्तक चुकलंय म्हणून सांगा ना तिला." सांगितलं. ही म्हणते, "पुस्तक चुकेल. सासूबाई चुकायच्या नाहीत."
भटजींना बोलावलं. "चालतं हो वहिनी सगळं." ही त्यांना म्हणाली, "यांनी पढवलंय तुम्हाला." खरंच पढवलं होतं.

५ ऑगस्ट
पुस्तक पुन्हा उलथंपालथं केलं, हिला चालेल असं काही सापडेल म्हणून. राजगिरा? तोही तिकडचा. आणि नाचणी, जिच्यावर आपलं कोकण जगलं, ती आफ्रिकेतली. म्हटलं, "अगो, असं बघितलं तर आपलं म्हणायला उरतं काय? ज्यानं पोट भरलं ते आपलं."
"वकील व्हायचात तुम्ही."
उचलून बसवताना ओझं लागत नाही आता.

९ ऑगस्ट
डॉ. येऊन गेले. सलाईनला शीर सापडेना. ओटीवर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी उचलून निघाले.
संध्याकाळी ही म्हणते, "एक सांगू? माझ्या श्राद्धाला मिरे नकोत. पानावर बटाट्याची भाजी वाढा, हिरवी मिरची घालून. फार आवडते हो मला."
"मग आत्ता खा ना गो."
"आत्ता उपास आहे."
"आणि आई रागावली म्हणजे?"
"तिकडे भेटतीलच. मी बघून घेईन त्यांचं."
पाणी आणायचं निमित्त करून विहिरीवर गेलो.

१० ऑगस्ट
कुंदाला बाजूला केलं, बटाटा मीच किसला. तूप, जिरं, मिरची, शेंगदाण्याचं कूट. वाटी हिच्या उशाशी ठेवली. डोळे मिटलेले. म्हणाली, "जिरं करपवलंत."
"चाखल्याशिवाय कसं कळलं?"
"नाक आहे अजून."
"मग चाखून सांग, किती करपलंय ते."
डोळे उघडलेत. वाटीकडे बघतेय. वाफ आहे अजून, तोवर वही मिटून चमचा उचलतो.