हरिबा मेला, पुढं काय?

प्रिय देवयानी,

प्रिय लिवायची रीत हाय म्हनून लिवलं. मनातनं तुला दोन धपाटं घालायचं हायती, पन पत्रातनं धपाटं घालता येत न्हाईत. फोनच करनार व्हते. पन फोनवर तू "बरं आहे आत्या, तुम्ही जेवलात का" म्हनतीस आन फोन दिग्विजयच्या हातात देतीस. म्हाताऱ्या सासूला वाटंला लावायची ही सोलापुरी तऱ्हा मला कळत न्हाय व्हय गं? पत्राचं तसं न्हाय. ज्याचं त्यानंच वाचावं लागतंय. सातवीपतूर शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हळू वाच. कुटं आडलीस तर तुझ्या कालिजातल्या पोरास्नी इचार.

हितं समदं बरं हाय. धरनाला पानी झ्याक हाय, म्हस गाबन हाय, आन आबासाहेबाच्या केळीत आमी बायका पिलं काढाय जातोय. केळीच्या बुडाला नवी कोंबं फुटत्यात, ती काढून टाकली न्हाईत तर घड पोसत न्हाय. दिग्विजय म्हनतो, आई, या वयात कशाला रानात जातीस? त्याला काय ठावं. घरात बसलं की भितीसंगं बोलावं लागतंय, रानात बायकांसंगं बोलता येतंय. भितीपरीस वैजंता बरी, निदान ती उलटून तरी बोलती.

मागल्या हप्त्यात दिग्विजय आला व्हता. भाकरी खाता खाता खाली मान घालून म्हनला, "आई, देवयानीनं कादंबरी सोडली. महिन्याच्या आखरीला प्रकाशकाला न्हाय म्हनून कळवनार हाय." मी म्हनलं, का रं? तर म्हनला, "सुचत नाही म्हणते." तुला सुचत न्हाय? लगीन होऊन आलीस तवा पयल्याच आठवड्यात चुलीम्होरं बसून तू मला इचारलंस, "आत्या, मामा चहा प्यायच्या आधी त्याचा वास का घेतात?" इतकी वर्सं त्या मानसाम्होरं मी कपबशी ठेवली, मला त्ये कवाच दिसलं न्हवतं. दुसऱ्या दिशी बगितलं तर खरंच की! कपाला नाक लावून, डोळं मिटून, देवाला निवद दाखवल्यावानी. मी म्हनलं, ही पोरगी सुनंच्या रूपात आलेली चोर हाय. घरातलं दागिनं सोडून मानसांच्या सवयी उचलती.

आन उचलल्यासच की. धरनाचं पानी मागं सरलं की मामा पान्याची मोटार पुढं सरकवायचं, पाइपाला पाइप जोडायचं, आन मोटारीला बैलावानी चुचकारायचं, "चल माझ्या राजा, उठ." त्ये समदं तू तुझ्या कादंबरीतल्या हरिबाला दिलंस. हरिबाच्या मिशा मातूर आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या. मी वळखल्या. पन तुझी खरी चोरी सांगू का? हरिबा त्या नातीला म्हनतो की न्हाय, "सुंद्रे, मानूस गेल्यावर कळतंय त्यो किती जागा अडवून बसला व्हता." त्ये मी म्हनलं व्हतं. मी! कांदं चिरताना, माझ्या थोरल्या जावंवरनं, आन त्येबी चिडून. तू माझं बोलनं घेतलंस आन त्यांच्या तोंडात घातलंस. त्ये ऐकून मामा मला म्हनलं, "बग, माझ्या तोंडनं कसं शानपन येतंय." त्या दिशी मी भाजीत मीठ घातलं न्हाय.

रविवारची सांज झाली की मामा अंगोळ करून बसायचं. दुसऱ्यांदा, बरं का! पावनं यायचं असल्यावानी. तुझा फोन आला की मोबाईल पितळंच्या पातेल्यात ठेवायचा, म्हंजी आवाज मोठा येतो. तू त्या हप्त्यात लिवल्यालं वाचायचीस, मामा "वा" म्हनायचं, आन मी तिकडं तोंड करून शेंगा फोडायचे. तुला वाटायचं आत्या ऐकत न्हाय. आत्याचं ध्यान शेंगंत आसतं व्हय? मधीच तू म्हनायचीस, "मामा, आज लिहिलं नाही. सुंद्रा ऐकतच नाहीये माझं." मी हसायचे. तूच केलेली भावली, आन तुजंच ऐकत न्हाय? मला वाटायचं, आळस झाकायला शिकलेली मानसं काय काय बोलत्यात.

आता ऐक, मी काय करून बसलेय त्ये. उन्हाळ्यात एक दिस केळीत रेश्मानं इचारलं, "वच्छलाक्का, तुमी रविवारी पातेल्यात काय ऐकत व्हता?" रेश्मा म्हंजी आबासाहेबाच्या वाटेकऱ्याची सून, नवीच हाय, जिभंला हाड न्हाय. मी सांगाय लागले. सुंद्रा, तिचा आजा हरिबा, तिचं बिघडल्याल्या मोटारी दुरुस्त करनं, आन कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशापातनं आल्यालं नोकरीचं बोलावनं. आज्याला टाकून जाईना, आन गावात तिचं मन लागंना. बायका पिलं काढायच्या इसरल्या. दुसऱ्या दिशी म्हनाय लागल्या, पुढं? तिसऱ्या दिशी म्हनाय लागल्या, पुढं? अगं, तू वाचलेलं समदं संपलं. मंग मी माझ्या पदरचं घालाय लागले.

आन तवा मला कळलं, तुमी लोक काय करता त्ये. वैजंता म्हनली, सुंद्राला एक रेल्वेतला गार्ड भेटू दे, शिट्टी वाजवनारा, आन तिला पळवून नेऊ दे. मी लगीच गार्ड आनला. गोरा, उंच, इस्त्रीच्या कापडातला. सुंद्राला म्हनलं, जा बाय. ती जाईना! खरं सांगते देवयानी, मी दोन दिस तिला ढकलत व्हते. रेश्मा म्हनली, "अक्का, जी पोरगी सोता मोटार खोलती, ती कुना शिट्टीवाल्याच्या मागं कशाला जाईल?" समद्या बायका म्हनल्या, व्हय की, ती तशी न्हाय. गार्ड आला तसा मोकळाच परत गेला. तुझं म्हननं खरं व्हतं, बाय. ती न्हाय ऐकत.

चोरीबी जमाय लागली मला. मी गोष्टीत एक बागायतदार घातला, छत्री घेऊन बांधावर हुबा ऱ्हानारा, पडल्यालं केळबी कुनाला न देनारा. एक दिस आबासाहेब छत्री घेऊन मागं येऊन कवा हुबा ऱ्हायला, आमाला पत्ताच न्हाय. ऐकत ऐकत ह्यो मानूस पोट धरून हसला आन म्हनला, "लई चिक्कू हाय की गं तुमचा त्यो बागायतदार! आसली मानसं आसत्यात बरं का." बायकांनी माना खाली घातल्या. वैजंताला ठसका लागला. मी म्हनलं, "व्हय आबासाहेब, आसत्यात." त्या दिशी मला वाटलं, मीबी लेखक झाले. आता माझा फोटू छापून आना.

पन एक गोष्ट मला जमंना. तू आमाला हरिबाचं मरन वाचून दाखवलं व्हतंस. मी बायकास्नी त्ये सांगितलंच न्हाय. गोष्टीत त्येची येळ आली की मी हरिबाला कुर्डुवाडीला चष्मा कराय धाडायचे. मंग लेकीकडं धाडला. मंग ताप आनला, आन उतरवला. गोष्ट हलंना. म्हातारा हाय तवर सुंद्रा जाईना, आन सुंद्रा जाईना तवर पुढं काय घडंना. आन बायका गप ऐकायच्या. गावातल्या समद्यास्नी ठावं व्हतं हरिबा म्हंजी कोन. शेवटी परवा वैजंता, जी कवा गप बसत न्हाय ती, माझ्या हातातला इळा काढून घेऊन लई हळू म्हनली, "वच्छले, सोड आता त्याला. किती पळवशील?"

गावाला कसं ठावं व्हतं इचार. मामांनीच सांगितलं! तू त्ये मरन वाचलंस त्याच्या दुसऱ्या दिशी हा मानूस सकाळी सकाळी न्हाव्याच्या दुकानात. दाढी वाढली न्हवती, तरीबी. तितं समद्यास्नी सांगत बसला, "मी मेलो रं काल. लई झ्याक मेलो. मोटारीला टेकून बसलो, ती चालूच, मी गेलो. पानी दुसऱ्याच्या रानात घुसलं, लोक मला शिव्या देत आलं, आन बगत्यात तर काय!" चावडीवर सांगितलं, दूध डेरीत सांगितलं. पोस्टमनला थांबवून सांगितलं. तुला त्यांनी परत फोन केल्याला आठवतोय? "मरायच्या आदी च्या पिऊ दे की मला." तू च्या दिलास. मंग कसं खूश! आपलं मरन मनासारखं शिवून घेतल्याल्या सदऱ्यावानी गावभर मिरवलं त्यांनी. आन महिन्याभरानं खरंच गेलं.

मामांच्या धाव्याला तू भितीला टेकून हुबी ऱ्हायलीस. माझ्याजवळ आली न्हाईस. त्या दिसापास्नं एक वळ लिवली न्हाईस, आन "सुचत नाही" म्हनतीस. अगं, तुला काय वाटतंय त्ये मला तवाच कळलं व्हतं, पन मला बोलायचं झालं न्हाय. तुला वाटतंय, तू लिवलंस म्हनून ते गेलं. येवडी शिकल्याली, कालिजात पोरास्नी शिकवनारी, आन मनात आसलं घेऊन बसलीस. मंग मला एक सांग. तुझ्या कादंबरीत हरिबाची बायको कुटं हाय? पयल्या पानाच्या आदीच मारून टाकलीस की तिला! मी कवाच इचारलं न्हाय, गप गिळलं. तुझ्या लिवन्यानं मानूस मरत आसता तर मी त्यांच्या आदी जायला पायजे व्हते. आन मी हितं बसून तुला शिव्या घालतेय, दोन भाकऱ्या खाऊन.

एक तुला कुनी सांगितलेलं न्हाय. दवाखान्यात तू बाहेर औषधं आनाय गेली व्हतीस. नाकात नळी, हाताला सुई. सिस्टर उशी नीट करत व्हती, तर मामा तिला हळूच म्हनलं, "बाई, मी एकदा मेलोय आदी. त्ये याच्यापरीस लई चांगलं व्हतं. माझ्या सुनंनं केलं व्हतं." ती बिचारी माझ्याकडं बगाय लागली, म्हाताऱ्याला भरम झाला म्हनून. मी हसले, देवयानी. त्यांनीबी हसायला बगितलं. जाताना त्या मानसाच्या मनात तुझा राग न्हवता गं. नळ्यांत पडल्या पडल्या त्ये दुसरं मरन आठवत व्हतं, धरनाकाठचं, च्या पिऊन, मोटारीच्या आवाजात. तेवढं तरी त्यांच्यापाशी व्हतं. त्ये तू दिलंस.

आता मी ह्ये पत्र का लिवलं त्ये सांगते. परवा वैजंता बोलल्यावर मी सांगितलं बायकास्नी. हरिबाला च्या पाजला, मोटारीला टेकून बसवला, आन सोडला. मामा गेलं तवा पावन्यांची भांडी, मांडव, पंगती, मला रडाय सवडच झाली न्हवती. परवा केळीत बसून मी रडले, समद्या बायका रडल्या, वैजंता तर माझ्यापरीस मोठ्यानं, जसं काय तिचाच नवरा. आन मंग रेश्मानं पदरानं नाक पुसलं आन म्हनली, "अक्का, सुंद्राचं काय? ती आता गेली का कुर्डुवाडीला?" मला ठावं न्हाय, देवयानी. मी लई इचार केला, गार्डला परत बोलवावं म्हनलं, पन त्यो काय कामाचा न्हाय. ती रिकाम्या घराला कुलूप कसं लावती, मागं वळून बगती का न्हाय, तिकडं रातच्याला तिला झोप लागती का, ह्ये मला सांगता येईना. ह्ये मलाच ऐकायचं हाय. तवा प्रकाशकाला काय कळवायचं त्ये कळव, पन रविवारी सांजच्याला मी पातेलं घासून ठेवते. मी मामांवानी "वा" म्हननार न्हाय, मधीच जांभई दीन, चुका काढीन, आन माझं बोलनं कुनाच्या तोंडात घातलंस तर तिथल्या तिथं भांडीन. लिवलं नसशील तर नुसतं मनातलं सांग. बायकास्नी मी म्हनून बसलेय, सोमवारी सांगते. आता सोमवारी मी केळीत काय तोंड घेऊन जाऊ, त्ये तूच ठरीव.

तुझीच, अजून जित्ती असल्याली,
आत्या